गाडीचं पुस्तक बघूनच ऑइलचा डबा काढणारं सातपूरचं दुकान

पाच स्टार. नुसतं "छान सर्व्हिस" लिहून वाचणाऱ्याला काही कळत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितोय, कारण टू-व्हीलरच्या ऑइलबाबत नाशिकमध्ये इतकं मनाला येईल ते चालतं की हे दुकान लोकांना माहिती व्हायलाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. त्र्यंबक रोडवरून सातपूर एमआयडीसीत आत वळलं की एका शटरचं दुकान आहे, पुढे काउंटर, मागे रॅकवर डबे, बाजूच्या ओट्यावर दोन गाड्या लागतील एवढीच जागा. काउंटरवर काका असतात आणि ओट्यावर त्यांचा पुतण्या काम करतो. इंजिनचं काम इथे होत नाही हे आधीच सांगतो. ऑइल, फिल्टर, चेन, केबल, प्लग एवढंच, पण तेवढं जे करतात ते असं करतात की बघत बसावं.

आपण गेलो आणि म्हणालो काका एक लिटर चांगलं ऑइल द्या, की बाकी दुकानात हात डायरेक्ट रॅककडे जातो. इथे काका विचारतात कुठली गाडी, कुठल्या सालची, बीएस फोर का सिक्स, आणि पुस्तक आहे का. पुस्तक म्हणजे गाडीसोबत मिळतं ते ओनर्स मॅन्युअल जे नव्वद टक्के लोक डिकीत किंवा कपाटात टाकून विसरतात. पुस्तक नसलं तरी अडत नाही, त्यांच्याकडे एक जाड फाइल आहे, त्यात बहुतेक चालू गाड्यांच्या पुस्तकातल्या ऑइलच्या पानाच्या झेरॉक्स लावलेल्या आहेत, ते पान उघडून तुमच्यासमोर ठेवतात, ग्रेडवर बोट ठेवतात आणि मगच डबा खाली येतो. ब्रँड तुम्ही सांगाल तो. ग्रेड मात्र पुस्तकातलाच, तिथे ते अजिबात ऐकत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

आमच्या घरात तीन गाड्या आहेत, माझी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० (हिलाच मी बुलेट म्हणतो) जुन्या युसीई इंजिनची, म्हणजे ज्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकत्र असतात, वडलांची स्प्लेंडर आणि बायकोची अ‍ॅक्टिव्हा, आणि तिन्हीला वेगळं ऑइल लागतं. बुलेटला १५डब्ल्यू-५० जासो एमए२, स्प्लेंडरला १०डब्ल्यू-३० जासो एमए, अ‍ॅक्टिव्हाला १०डब्ल्यू-३० जासो एमबी. म्हणजे स्प्लेंडर आणि अ‍ॅक्टिव्हाच्या डब्यावरचा मोठा आकडा सेम आणि तरी ऑइल वेगळं. जासो हे जपानी स्टँडर्ड आहे, त्याचं आणि आकड्यांचं पुढे सांगतो, पण हा शेवटचा एमए आणि एमबीचा भाग बहुतेक लोक वाचतच नाहीत आणि खरा घोळ तिथेच होतो.

झालं असं की दाजींची युनिकॉर्न एका गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली होती आणि तिथे त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितलं की साहेब तुमच्या गाडीला महागातलं इम्पोर्टेड सिंथेटिक टाकलंय, आता बघा कशी पळते. पळाली ना, दोन-चार दिवस आवाज पण कमी वाटला, मग ताईला घेऊन सप्तशृंगी गडावर दर्शनाला निघाले आणि नांदुरीच्या घाटात गाडी ओढेनाशी झाली, एक्सलेटर दिला की इंजिन नुसतं गरजतंय, आरपीएम वाढतोय आणि गाडी जागची हलायला बघत नाही. क्लच स्लिप. तीच गाडी हळूहळू खाली आणून दुसऱ्या दिवशी मी त्यांना इथे घेऊन आलो. काकांनी गॅरेजवाल्याने परत दिलेला अर्धा डबा मागितला, तो बघितला आणि म्हणाले, "दाजी, हे कारचं ऑइल आहे, ५डब्ल्यू-३०. ऑइल वाईट नाही. तुमच्या गाडीचं नाही."

हे का होतं ते काकांनी तिथेच समजावलं आणि मी नंतर बरंच वाचलं म्हणून इथे लिहितो. कारमध्ये इंजिनचं ऑइल फक्त इंजिनचं काम करतं, गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं आणि क्लच कोरडा असतो. आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या बाईकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलमध्ये असतात. क्लचच्या प्लेटा ऑइलमध्ये भिजलेल्या असतात, त्याला वेट क्लच म्हणतात, आणि त्या प्लेटांनी एकमेकीला घट्ट धरलं तरच इंजिनची ताकद चाकापर्यंत जाते. आता कारच्या ऑइल कंपन्यांना मायलेज वाढवायचं असतं म्हणून त्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी केमिकल टाकतात, फ्रिक्शन मॉडिफायर. कारला ते चांगलंच आहे पण बाईकच्या क्लचला नेमकं घर्षणच पाहिजे असतं. म्हणून जपान्यांनी १९९८ मध्ये बाईकच्या ऑइलसाठी जासो टी ९०३ नावाचं वेगळं स्टँडर्ड काढलं, त्यात मशीनवर क्लचच्या प्लेटा त्या ऑइलमध्ये फिरवून पकड मोजतात, जास्त पकडीचं ते एमए आणि कमी पकडीचं ते एमबी. पुढे एमएचे पण एमए१ आणि एमए२ असे भाग झाले, एमए२ म्हणजे त्यातली वरची पकड. स्कूटरला एमबी चालतं कारण अ‍ॅक्टिव्हासारख्या गाडीत क्लच इंजिन ऑइलमध्ये बुडालेलाच नसतो, तो तिकडे बेल्टच्या कव्हरमध्ये कोरडा असतो, मग कमी घर्षणाचं ऑइल टाकून जरा इंधन वाचलं तर चांगलंच. त्यामुळे एमबी हे काही हलकं ऑइल नाहीये, ते फक्त वेट क्लचच्या गाडीत जायला नको.

दाजींच्या गाडीचं ते ऑइल काढलं, बरोबर ग्रेडचं साधं मिनरल (सिंथेटिक नसलेलं) टाकलं आणि काकांनी सांगितलं की प्लेटा वाचतील का नाही ते आत्ता सांगता येणार नाही, थोडी चालवा, घाटात नेऊ नका, आणि हे ऑइल पण लवकर परत बदलू म्हणजे आत जे उरलंय ते निघून जाईल. दुसऱ्यांदा बदलल्यावर स्लिप बंद झाली. दाजी तयारीत होते की क्लचप्लेटा बदलायचा खर्च येणार, आणि कुठलाही दुसरा माणूस असता तर पहिल्याच दिवशी प्लेटा बदलून मोकळा झाला असता, गिऱ्हाईक नाही म्हणालं नसतंच. मला हे दुकान आवडण्याचं ते एक मोठं कारण आहे.

आता आकड्यांबद्दल, कारण ओट्यावर उभ्या असलेल्या माणसांमध्ये सगळ्यात जास्त वाद यावर होतो. १०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर, थंडी. पहिला आकडा ऑइल थंड असताना किती पातळ राहतं त्याचा, आकडा जितका कमी तितकं थंडीत लवकर वाहतं. दुसरा आकडा ऑइल १०० डिग्रीला तापल्यावर किती घट्ट राहतं त्याचा. १०डब्ल्यूची थंडीची टेस्ट उणे २५ डिग्रीला होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला, म्हणजे आपल्याकडे निफाडला कितीही पारा पडला तरी त्या टेस्टच्या जवळपास पण आपण जात नाही. मग लोक म्हणतात की पहिल्या आकड्याचा आपल्याला काय उपयोग. उपयोग आहे, कारण रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्टार्ट केली की ऑइल वरती हेडपर्यंत पोचेपर्यंतचे काही सेकंद इंजिन जवळजवळ कोरडं चालतं आणि झीज तेव्हा जास्त होते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे फर्स्ट शिफ्टला निघणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवावं.

माझ्या बुलेटमध्ये तर हे कानाला कळतं. युसीई इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) आहेत, ते ऑइलच्या प्रेशरवर भरतात, त्यामुळे थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ टिकटिक येते आणि ऑइल भरलं की बंद होते. मध्ये एकाने मला सांगितलं होतं की बुलेटला २०डब्ल्यू-५० टाक, जाड ऑइल म्हणजे इंजिनला गादी. काकांना विचारलं तर ते म्हणाले जुन्या कास्ट आयर्न बुलेटला २०डब्ल्यू-५० टाकायचे, आणि तिची गोष्टच वेगळी होती, तिच्यात इंजिनचं ऑइल वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं आणि क्लच केसचं वेगळं. लोकांच्या डोक्यात ती बुलेट बसलीये आणि ते तोच सल्ला आजच्या गाडीला देतात. तुझ्या इंजिनात तिन्ही एकत्र आहे आणि पुस्तकात १५डब्ल्यू-५० आहे, विषय संपला. आणि हीच कंपनी दोन सिलिंडरच्या ६५० ट्विनला १०डब्ल्यू-५० फुल सिंथेटिक सांगते. एकाच कंपनीच्या तीन इंजिनांना तीन ऑइल, मग "बुलेटचं ऑइल" असं काही एक नसतंच.

उलटा प्रकार स्प्लेंडरचा. ९७.२ सीसीचं एवढंसं इंजिन, ५० मिलिमीटरचा बोअर, आणि आमच्या कॉलनीत किमान चार जण तिच्यात २०डब्ल्यू-५० टाकून फिरतात कारण कोणीतरी सांगितलं की उन्हाळ्यात जाड टाका. जाड ऑइल ढकलायला पण ताकद लागते आणि छोट्या इंजिनाकडे द्यायला ताकद असते किती, मग मायलेज कमी मिळतं, सकाळी गाडी जड वाटते आणि माणूस कार्ब्युरेटर खोलून बघतो. वडील पण आधी जाडच मागायचे. काकांनी त्यांना पान उघडून दाखवलं आणि म्हणाले, "बाबा, ज्यांनी इंजिन बनवलं त्यांनी आतमधलं अंतर मोजून हे लिहिलंय." तेव्हापासून १०डब्ल्यू-३० च जातं.

उन्हाचा मुद्दा खोटा नाहीये पण. एअर कूल्ड इंजिनाला वाराच थंड करतो आणि मे महिन्यात दुपारी नाशिकच्या द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलात की फिन्सना (इंजिनाबाहेरच्या पात्यांना) वाराच लागत नाही, पारा चाळिशीकडे आणि गाडी जागेवर. तेव्हा दुसरा आकडा कामाला येतो. स्टँडर्डप्रमाणे १०० डिग्रीला ३० ग्रेडची घट्टपणाची रेंज साधारण ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० ची १२.५ ते १६.३ आणि ५० ची १६.३ ते २१.९. म्हणजे ३० आणि ५० मध्ये किती फरक आहे बघा, आणि लोक "एकच आहे हो सगळं" म्हणून काहीही ओततात. काही गाड्यांच्या पुस्तकात हवामानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता दिलेला असतो, तिथे उन्हाळ्यात जाडाकडचा ग्रेड घ्यायला काका स्वतःच सांगतात. तक्ता नसेल तर जे लिहिलंय तेच.

मिनरल, सेमी आणि फुल सिंथेटिक यावर काकांचं मत मला सगळ्यात पटलं कारण त्यांचा धंदा महाग डबा विकण्यात आहे आणि तरी ते बहुतेकांना स्वस्त डबा देतात. मी समोर बघितलंय, एमआयडीसीत कामाला असलेला एक पोरगा शंभर सीसीच्या गाडीला फुल सिंथेटिक मागत होता, व्हिडिओ बघून आला होता. काका म्हणाले भाऊ तू रोज सिडकोवरून इथे येतो आणि परत जातो, तुझी गाडी कधी साठच्या वर जात नाही, मिनरल टाक आणि वेळेवर बदल, उरलेल्या पैशात चेन बदल ती लोंबायला लागलीये. आणि चेन खरंच लोंबत होती. तेच ड्यूक ३९० वाला आला तर त्याला मिनरल मागितलं तरी देत नाहीत, ते इंजिन लिक्विड कूल्ड आहे, खूप फिरतं, पुस्तकातच सिंथेटिक १५डब्ल्यू-५० आहे.

सिंथेटिक शब्दाबद्दल माझ्याकडून एक भर. बेस ऑइलचे, म्हणजे ज्यात बाकीची केमिकल मिसळतात त्या मूळ तेलाचे, पाच ग्रुप असतात, एक आणि दोन हे मिनरल, तिसरा म्हणजे क्रूडमधूनच काढलेलं पण खूप जास्त प्रोसेस केलेलं, चौथा पीएओ जे केमिकलने बनवलेलं, आणि पाचव्यात एस्टर वगैरे बाकीचं सगळं. तिसऱ्या ग्रुपचं ऑइल पण डब्यावर सिंथेटिक म्हणून विकतात आणि त्यावरून अमेरिकेत १९९९ मध्ये मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात जाहिरातीचा वाद झाला होता, निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला, तेव्हापासून तिसरा ग्रुप सिंथेटिकमध्ये मोजला जायला लागला. ग्रुप तीन वाईट अजिबात नाही, चांगलंच असतं, पण "फुल सिंथेटिक" एवढं दोन शब्दात वाचून दुप्पट-तिप्पट पैसे देताना निदान हे माहिती असावं.

ऑइल कधी बदलायचं यात पण इथे फसवाफसवी नाही. काळं झालं म्हणजे खराब झालं असं लोकांना वाटतं, पण चांगल्या ऑइलमध्ये डिटर्जंट असतं, ते आतली काजळी स्वतःत धरून ठेवतं म्हणून काळं होतं, म्हणजे ते त्याचं काम करतंय. बाईकचं ऑइल मरतं ते दुसऱ्या कारणाने. गिअरचे दात ऑइलमधल्या घट्टपणा टिकवणाऱ्या पॉलिमरला चिरडतात आणि ऑइल हळूहळू पातळ होतं, कारच्या इंजिनात गिअर नसल्यामुळे तिथे हा त्रास कमी. गिअर कडक पडायला लागले, सिग्नलला न्यूट्रल सापडेना, इंजिनचा आवाज पत्र्यासारखा यायला लागला तर समजायचं की वेळ झालीये. वडलांच्या स्प्लेंडरच्या पुस्तकात ६००० किलोमीटरला बदल आणि मध्ये ३००० ला टॉप-अप आहे, काका तेच पाळतात, दोन हजारला या म्हणत नाहीत. फक्त ज्यांचं रोजचं चालणं दोन-तीन किलोमीटरचं आहे, घर ते दुकान आणि दुकान ते घर, त्यांना किलोमीटर भरले नसले तरी वर्षातून एकदा नक्की बदला सांगतात. इंजिन नीट तापतच नाही त्यामुळे आतला ओलावा आणि पेट्रोल ऑइलमध्ये राहतं, आणि झाकणाखाली ताकासारखं पांढरट दिसायला लागलं तर पाणी शिरलंय असं समजायचं.

आता प्रत्यक्ष कामाचं. पुतण्या आधी गाडी थोडी चालू ठेवतो म्हणजे ऑइल पातळ होऊन नीट निघतं, मग बोल्ट खोलून गाडी सरळ उभी करून बराच वेळ गळू देतो. कॉम्प्रेसरची हवा मारत नाही, रॉकेल किंवा डिझेल टाकून इंजिन धुवत नाही. हे धुणं अजून कितीतरी ठिकाणी चालतं आणि आत राहिलेलं रॉकेल नवीन ऑइल पातळ करतं. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा, बोल्ट आधी हाताने फिरवून बसवतो आणि मग पान्याने, कारण इंजिनची केस अ‍ॅल्युमिनियमची असते आणि एकदा आटे गेले की मोठा खर्च. माझ्या बुलेटला फिल्टरसोबत ओ-रिंगा पण बदलतात. स्प्लेंडरला कागदी ऑइल फिल्टर नसतोच, तिच्यात फिरून घाण बाजूला टाकणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर आणि जाळी असते, ती कव्हर खोलूनच साफ होते, त्यामुळे "स्प्लेंडरचा फिल्टर बदलला" म्हणून कोणी पैसे लावले असतील तर विचारा कुठला.

ऑइल मापाच्या भांड्यात मोजूनच ओततात, डायरेक्ट डबा उलटा करत नाहीत. जास्त भरलं की क्रँक त्यात फेटते, फेस होतो, आणि जादाचं ऑइल ब्रीदरमधून एअर फिल्टरमध्ये येतं. स्प्लेंडरची डिपस्टिक बघताना ती आटे फिरवून आत बसवायची नाही, फक्त टेकवायची, हे मला इथेच कळलं. बुलेटला ऑइलची पातळी बघायची काच आहे, ती मेन स्टँडवर सरळ उभी करून, इंजिन बंद केल्यावर थोडं थांबून बघायची. लिटरच्या डब्यातलं जे उरतं ते फेकत नाहीत आणि स्वतःकडे ठेवत पण नाहीत, झाकण घट्ट लावून डब्यावर गाडीचा नंबर आणि तारीख लिहून हातात देतात, टॉप-अपला तेच येतं.

आणि रिकामा झालेला डबा. पुतण्या स्क्रूड्रायव्हर घेतो आणि तुमच्यासमोर डब्याच्या बुडाला भोक पाडतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी विचारलं कशाला, तर काका म्हणाले हा अख्खा डबा भंगारात गेला की यातच कोणीतरी काळं ऑइल गाळून भरणार आणि तोच डबा उद्या कुठल्यातरी काउंटरवर दिसणार. डुप्लिकेट ऑइल असंच बनतं. नवीन डबा उघडताना पण सील आधी तुम्हाला दाखवतात, बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख मोठ्याने वाचतात, आणि जासोची ती चौकट दाखवतात जिच्यात वर कंपनीचा कोड आणि खाली एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं. बाहेरून ऑनलाइन मागवलेला डबा घेऊन गेलात तरी टाकून देतात, फक्त सील नीट असेल तर, नाहीतर हात लावत नाहीत.

निघालेलं जळकं ऑइल झाकणाच्या ड्रममध्ये जातं आणि परवाना असलेला माणूस येऊन घेऊन जातो. २०१६ च्या सरकारी नियमात वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात येतं, तरी गावात ते सर्रास सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात नाहीतर गटारात सोडतात, आणि सातपूरचं गटार म्हणजे नासर्डी नदी आणि नासर्डी म्हणजे पुढे गोदावरी. काकांचा ओटा मी कधी तेलकट बघितला नाही, मला याचं फार कौतुक आहे.

एक गोष्ट अजून. ऑइलच्या डब्यात मेकॅनिकसाठी कूपन असतात, जास्त डबे खपवले की पॉइंट मिळतात, त्यामुळे अनेक ठिकाणी तुमच्या गाडीत कुठलं ऑइल जाणार ते कूपनवर ठरतं. इथे कूपन निघालं तर गिऱ्हाइकाच्या हातात ठेवतात. मायलेज वाढवणाऱ्या बाटल्या, इंजिनमध्ये टाकायची टेफ्लॉनची पाउचं, असलं काही रॅकवर नाही. मागितलं तर म्हणतात क्लच तुझा आहे, मी नाही देणार.

कमी काय ते पण लिहितो. एमआरपीवर सवलत नाही, एक रुपया नाही. लेबर शंभर रुपये आहे, काही ठिकाणी ऑइल घेतलं तर बदलून फुकट देतात, इथे देत नाहीत. कार्ड चालत नाही, यूपीआय किंवा रोख. बिल मागितलं तर हाताने लिहून देतात, गाडी वॉरंटीत असेल तर ते कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चालणार नाही, काका स्वतःच सांगतात की वॉरंटी संपेपर्यंत तिकडेच जा. मोठ्या इम्पोर्टेड बाईकचं ऑइल ठेवत नाहीत, मुंबईहून मागवावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४० पण मिळतं, गिरणारे-दिंडोरीकडचे द्राक्षवाले शेतकरी नेतात, पण ते बाईकला मागितलं तर डब्यावर जासो एमए दाखवा म्हणतात आणि नसेल तर देत नाहीत, यावरून एकदोघांशी वाजलेलं पण मी बघितलंय. काकांना समजावून सांगायची सवय आहे, घाई असेल तर जीव टांगणीला लागतो, पण मधेच तोडू नका.

वेळ सकाळी नऊ ते रात्री आठ, दुपारी जेवायला तासभर शटर अर्धं असतं. फर्स्ट शिफ्ट सुटली की ओट्याबाहेर गाड्यांची लाइन लागते आणि शनिवारी संध्याकाळी तर विचारू नका. नंबर फोनवर लावून मिळत नाही, स्वतः जावं लागतं. ओट्यावर शेड नाहीये त्यामुळे पाऊस जोरात असला तर ऑइल बदलत नाहीत, इंजिनात पाणी जाईल म्हणून थांबवून ठेवतात, जुलै-ऑगस्टमध्ये जायचं असेल तर उघडीप बघून सकाळीच निघा.